दुर्वाचे हृदकण

दुर्वा तारीचं हृदय पुण्याच्या एका प्रयोगशाळेत चारशे ठिकाणी धडधडत होतं, तेव्हा ती स्वतः मालवणच्या दांडी किनाऱ्यावर, बचाव केंद्राच्या मनोऱ्यात बसून दुसऱ्यांचं पोहणं बघत होती.

तिची नोकरीच ती होती. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाला केंद्राची पट्टी बांधलेली असायची आणि मनोऱ्यातल्या पडद्यावर त्याचा एक हिरवा ठिपका दिसायचा. ठिपका पिवळा पडला की दुर्वा बटण दाबायची. गच्चीवरचं ड्रोन उडायचं, त्या माणसाच्या डोक्यावर जाऊन हवेने फुगलेलं कडं टाकायचं. कड्याला धरून तरंगत माणूस किनाऱ्याला यायचा, खोकायचा आणि वर बघून हात हलवायचा. दुर्वाही हात हलवायची. मग पुन्हा पाण्याकडे बघत मनाशी म्हणत राहायची, ह्याचं कोपर पडतंय, ही श्वास उशिरा घेतेय, अरे, मान कशाला वर काढतोस?

दोन वर्षांपूर्वी ती राज्यातली सगळ्यात वेगवान सागरी जलतरणपटू होती. दहा किलोमीटरची शर्यत तिच्या हातची, असं तिच्याबरोबर पोहणाऱ्या मुलीसुद्धा म्हणायच्या. मग राष्ट्रीय शिबिरात, तलावाच्या संथ, निळ्या पाण्यात, सरावाच्या अर्ध्या फेरीत ती गप्प झाली. ओरडली नाही, हातपाय मारले नाहीत. शेजारच्या मार्गिकेतल्या मुलीला ती तळाशी दिसली म्हणून वाचली. छाती दाबून, विजेचा झटका देऊन तिला परत आणलं. चार दिवसांनी क्रीडा-वैद्यक मंडळाने तिच्या नावापुढे ‘अयोग्य’ असा शिक्का मारला.

तेव्हापासून तिने घोट्याच्या वर समुद्र लागू दिला नव्हता. मात्र न्हाणीघरात गेली की पाण्याने भरलेल्या बादलीत तोंड बुडवून, डोळे उघडे ठेवून ती ओणवी राहायची. बाहेरून आई दार ठोठावायची. “दुर्वा, आवाज दे गो.” तोंड वर काढून, धापा टाकत ती म्हणायची, “हां, आसंय.”

पुण्याहून डॉ. तस्नीम काझींचा फोन आला तेव्हा भरतीची वेळ होती.

“अहवाल तयार आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “ये तू. आणि वडिलांना घेऊन ये. त्यांच्याही रक्ताचा निकाल आलाय.”

*

डॉ. तस्नीम उंच, किंचित वाकलेल्या, पन्नाशीच्या बाई होत्या. एकेकाळी हॉकी खेळलेल्या. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि बोलण्याआधी एक लहानसा ध्वनिवर्धक सुरू केला.

टक्. टक्. टक्.

“ही तू,” त्या दुर्वाला म्हणाल्या.

काचेच्या एका पेटीत तांदळाच्या दाण्याएवढे गुलाबीसर ठिपके ओळीने बसवलेले होते. भिंगातून बघितलं तेव्हा दुर्वाला दिसलं, प्रत्येक दाणा आवळत होता, सैल होत होता. कुणी सांगितलं नसताना. एकेकाला केसाहून बारीक तारा लावल्या होत्या.

“तुझ्या दंडातून काढलं ना रक्त, त्यातल्या पेशींना आम्ही मागे नेलं,” डॉक्टर म्हणाल्या. “पार गर्भातल्या अवस्थेपर्यंत. तिथे पेशी पुढे कोण होणार हे ठरलेलं नसतं. मग तिला हृदयाच्या स्नायूची वाट दाखवली. महिनाभरात ती आपली आपण धडधडायला लागते. ह्यांना आम्ही हृदकण म्हणतो. तुझ्या हृदयात जो दोष आहे तो ह्या प्रत्येकात आहे.”

“दोष म्हणजे नेमका काय?” दुर्वाचे वडील, नारायण तारी यांनी विचारलं. ते मासेमारी करणारे, समुद्र सोडून इतर ठिकाणी कमी बोलणारे गृहस्थ. पुण्यात आल्यापासून हे त्यांचं पहिलंच वाक्य होतं.

डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे विजेची एक लाट. लाट गेली की पेशींना पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज व्हावं लागतं आणि त्यासाठी त्यांच्या भिंतीतली इवली दारं उघडून पोटॅशियम बाहेर पडावं लागतं. दुर्वाच्या पेशींमध्ये त्यातलं एका जातीचं दार आळशी आहे. बसली असताना, चालताना, झोपताना फरक पडत नाही. पण हृदय जोरात धावायला लागलं की सज्ज व्हायला वेळ पुरत नाही. अर्धवट सज्ज असलेल्या पेशींवर पुढचा ठोका येऊन आदळतो, लाट पिळवटते आणि हृदय नुसतंच थरथरत राहतं. काही क्षणांत माणसाची शुद्ध जाते.

“आणि ह्या प्रकारात सगळ्यात जास्त घात करतं ते पोहणं,” डॉक्टर म्हणाल्या. “गार पाणी, रोखलेला श्वास, पूर्ण अंगाचा जोर, सगळं एकदम येतं. जमिनीवर पडलेला माणूस कधी कधी आपोआप उठतो. पाण्यात ती सवलत नाही. छातीत झटका देणारं यंत्र बसवता येतं, पण ते काम करेपर्यंत फुप्फुसात पाणी गेलेलं असतं.”

मग त्यांनी नारायण तारींकडे बघितलं. “हा दोष तिला तुमच्याकडून आलाय. तुम्हाला त्याचा त्रास झाला नाही, पुष्कळांना होतच नाही. तुमच्या घरात कुणी... असं अचानक?”

नारायण तारींनी चहाचा कप खाली ठेवला. बराच वेळ ते त्या टक् टक् आवाजाकडे कान देऊन बसले.

“बहीण,” ते म्हणाले. “मंजू. माझ्यापेक्षा लहान. मासोळीसारखी होती पाण्यात. वीस वर्षांची असताना बुडाली. समुद्र तेव्हा ताटासारखा सपाट होता.”

दुर्वाला ह्यातलं एवढंच ठाऊक होतं की एक आत्या होती आणि तिचं नाव घरात घ्यायचं नाही.

“ओरडली होती का?” दुर्वाने विचारलं.

“नाय. किनाऱ्यावर माणसं होती. कोणी काय ऐकला नाय.” नारायण तारी आता मालवणीवर आले होते आणि ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. “लोक म्हणाले, इतक्या चांगल्या पोवणाऱ्या चेडवाक समुद्र बुडवीत नाय. तिनाच जीव दिल्यान. आवस, दुर्वाची आजी, तर मरेपर्यंत म्हणत होती, माझ्या तोंडाक काळा फासून गेली. तिचो फोटोसुदिक ठेवूक नाय घरात.”

डॉ. तस्नीम जपून बोलल्या. “त्यांचं रक्त आता मिळणार नाही, त्यामुळे मी शपथेवर काही सांगू शकत नाही. पण भावात हा दोष आहे. बहीण उत्तम पोहणारी, पाणी संथ, आणि हाक नाही, धडपड नाही. माझ्याकडे असा इतिहास आला असता तर मी एकच निदान लिहिलं असतं.”

“म्हणजे मंजून जीव दिल्यान नाय.”

“मला नाही वाटत.”

नारायण तारी उठले, खिडकीशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलताना दुर्वाने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. ती उठणार होती, पण डॉक्टरांनी नुसत्या हाताने तिला थांबवलं.

*

निकाल असा होता. दुर्वाच्या जुन्या शर्यतीची नोंद मंडळाकडे होती. दर मिनिटाला नाडी किती, पाणी किती गार, जोर कुठे लावला, सगळं. तीच शर्यत प्रयोगशाळेने चारशे हृदकणांना पोहायला लावली. त्यांच्याभोवतीचं द्रावण गार केलं, त्यात जोर लावताना रक्तात येणारी रसायनं सोडली, तारांमधून ठोके वाढवत नेले. अर्ध्यांना औषध दिलं होतं, अर्ध्यांना नाही. औषध दिलेले सगळे दोनशे हृदकण शेवटपर्यंत पोचले. न दिलेल्यांपैकी नऊ थांबले.

“पूर्वी आम्ही हृदयाच्या आलेखाची एक रेघ बघायचो आणि शिक्का मारायचो,” डॉक्टर म्हणाल्या. “किती खेळाडूंना उगाच घरी बसवलं आणि किती जणांना नको तिथे पाठवलं, देव जाणे. आता मंडळाने नियम बदललाय. आम्ही धोका मोजून तुझ्यासमोर ठेवायचा. शेवटचा शब्द तुझा.”

“मी गोळी घेतली तर पोहू शकते?”

“रोज, न चुकता घेतलीस तर पोहू शकतेस. शर्यतीतसुद्धा उतरू शकतेस. सोबत होडी हवी, होडीत झटक्याचं यंत्र हवं.”

दुर्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती खेळाडू होती. पुढचा प्रश्न तिला लगेच सुचला. “आणि वेग?”

डॉ. तस्नीम यांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं. हा प्रश्न येणार हे त्यांना माहीत असावं. “गोळी हृदयाला धावू देत नाही, म्हणून तर ती वाचवते. तू पोहशील दुर्वा, जिंकणार नाहीस.”

“आणि मी गोळी घेतली की नाही, हे तुम्ही तपासणार?”

“नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “ते तुझ्यावर सोडलंय.”

*

ती पाण्यात उतरली त्या सकाळी आई किनाऱ्यावर आलीच नाही. घरात देवापुढे बसून राहिली. दुर्वा कंबरेपर्यंत गेली, छातीपर्यंत गेली, मग अंग सोडून दिलं. कानांत ते जुनं घुमणं भरलं. मिठाची चव ओठांवर आली. बोटांच्या फटींतून पाणी सरकलं, तसा तिच्या घशातून एक आवाज निघाला आणि बुडबुडे होऊन वर गेला. दोन वर्षं ती ज्याच्यासाठी झुरली होती ते सगळं जागच्या जागी होतं.

फक्त एक नव्हतं. पूर्वी दोनेक किलोमीटर पोहून झाल्यावर एक वेळ अशी यायची की दम लागणं थांबायचं, हृदय भरधाव सुटायचं आणि हात कुणाचे, पाणी कुठलं हे कळेनासं व्हायचं. ती वाट बघत राहिली. हात मारत राहिली. हृदय आपलं शहाण्या बैलासारखं एका चालीने चालत राहिलं. तिने जोर केला तर हातपाय जड झाले, छाती मात्र ढिम्म. किनाऱ्यावर आली तेव्हा तिचे प्रशिक्षक मेथर सर हातातलं घड्याळ बघत उभे होते. त्यांनी वेळ सांगितली नाही आणि तिने विचारली नाही.

रोज सकाळी ती गोळी हातावर घ्यायची आणि थोडा वेळ तशीच बघत बसायची. पांढरी, मधोमध चीर असलेली, सदऱ्याच्या गुंडीएवढी. ती गिळताना आपणच आपल्याला धरून ठेवतोय असं तिला वाटायचं.

राज्य स्पर्धा जवळ आली, तेव्हा एका दुपारी मेथर सरांनी तिला घरी बोलावलं. चिंतामणी मेथर साठीचे, अविवाहित. दुर्वा सात वर्षांची असल्यापासून तिला घडवण्यात त्यांनी आयुष्य घातलेलं. पडवीत बसल्यावर त्यांनी सोलकढीचा पेला पुढे केला आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. भरती-ओहोटीचं, ह्या वर्षी वाढलेल्या जेलीफिशचं. मग एकदम म्हणाले, “दुर्वा, त्या दोनशेमधले थांबले किती?”

“नऊ.”

“म्हणजे एकशे एक्याण्णव पोचले.”

दुर्वाने पेला खाली ठेवला.

“मी वाचलंय, गोळीचा अंमल उतरायला थोडे दिवस लागतात. स्पर्धेआधी थोडे दिवस बंद केलीस तर... एकदाच. निवड झाली की पुन्हा सुरू. होडीत मी स्वतः बसेन.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. “बाळ, मी तुला पोहताना बघितलंय. मला हे तुझं असं रांगणं बघवत नाही.”

त्यांच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं. हेच तर कठीण होतं. कारण गेले कित्येक दिवस दुर्वाही हाच हिशेब करत होती. एकशे एक्याण्णव पोचले. आपण त्यातलेच का नसू?

“सर, तुमचा पडदा सुरू करता जरा?” ती म्हणाली.

तिने पुण्याला डॉ. तस्नीमना फोन लावला. “मॅडम, त्या नऊपैकी एकाची शर्यत मला बघायची आहे. सुरुवातीपासून नको. शेवटचा भाग.”

डॉक्टरांनी विचारलं, “कशाला, दुर्वा?”

“शेवटचा शब्द माझा आहे ना?”

थोड्या वेळाने भिंतीवरच्या पडद्यावर भिंगाखालचा एक गुलाबी दाणा दिसायला लागला. शेजारी दुर्वाच्या खऱ्या शर्यतीचा नकाशा होता आणि त्यावरून सरकणारा ठिपका. आठव्या किलोमीटरला, जिथे तिने त्या वर्षी वेग वाढवून सगळ्यांना मागे टाकलं होतं, तिथे ठिपका पोचला. टक्टक् टक्टक् असा आवाज भराभर येऊ लागला. दाणा जीव तोडून आवळत होता.

“बघ,” मेथर सर पुढे झुकून पुटपुटले. त्यांचे डोळे चमकत होते. “हाच तो जोर. इथेच तू त्या ठाण्याच्या मुलीला...”

एक ठोका चुकला. मग दोन एकदम आले. मग आवाज फाटला. ठोके राहिलेच नाहीत, नुसती फडफड उरली, पतंगाने दिव्याच्या काचेवर करावी तशी. दाणा आवळेना, सैलही होईना, नुसता थरथरू लागला. नकाशावरचा ठिपका मात्र पुढे चालला होता. खऱ्या दुर्वाने त्या दिवशी शर्यत पुरी केली होती.

मग फडफडही थांबली.

पडवीत माडांच्या झावळ्यांची सळसळ ऐकू येत होती. मेथर सरांनी उठून पडदा बंद केला.

“हा तू नव्हेस,” ते म्हणाले.

“त्यांतला कुठला मी आहे ते कळत नाही ना सर,” दुर्वा म्हणाली. “तेच तर.”

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. ती रडली, अगदी मनसोक्त. मेलेल्या माणसासाठी रडावं तशी, त्या भरधाव सुटणाऱ्या मुलीसाठी रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गोळी घेतली.

*

स्पर्धेच्या दिवशी पाणी स्वच्छ होतं. सोबतच्या होडीत नारायण तारी बसले. सौरहोडीला सुकाणूखेरीज काही लागत नव्हतं, तरी त्यांनी सवयीने एक वल्हं घेतलं होतं. शिट्टी झाली आणि सगळ्या मुली पाण्यात झेपावल्या. पहिल्याच किलोमीटरला दुर्वा मागे पडली. ज्यांना तिने कधी आपल्या पुढे गेलेलं पाहिलं नव्हतं अशा मुली तिच्या अंगावर फेस उडवत पुढे गेल्या. त्यांच्या पायांचे ठोके तिला पाण्यातून जाणवायचे, मग तेही विरले.

ती पोहत राहिली. निम्मं अंतर गेलं तेव्हा पुढे कुणीही नव्हतं आणि मागेही. सगळ्या अंगाला तो जोर हवाहवासा वाटत होता. आत्ता, इथे, एकदाच. भूक लागलेल्या माणसाच्या नाकात दुसऱ्याच्या चुलीचा वास शिरावा तसं झालं. तिने दात आवळले आणि हात मोजायला सुरुवात केली.

आणि मग तिला होडीतून आवाज ऐकू आला.

बाबा बोलत होते. कुणाशी ते आधी कळेना. श्वास घ्यायला तोंड बाजूला वळलं की एखादं वाक्य कानावर पडायचं, पाण्यात तोंड गेलं की तुटायचं.

“...मंजूचो हात तुझ्यासारखोच. डावो जरा बाहेर...”

पाणी.

“...सगळे पोरगे मागे पडत. मी पण. मग ती उलटी होऊन, आकाशाकडे बघत...”

पाणी.

“...हसत ऱ्हवायची. आमची वाट बघत.”

पस्तीस वर्षं ज्या बहिणीचं नाव ओठांवर आलं नव्हतं, तिच्याबद्दल तो माणूस भर समुद्रात, कुणी न विचारता, बोलत सुटला होता. मंजूला कैरी किती आवडायची. ती जाळं विणताना चुकीची गाणी कशी म्हणायची. तिला समुद्रात दूरवर दिसणारा काळा खडक गाठायचा होता. दुर्वा प्रत्येक श्वासाला एक तुकडा घेत होती. पूर्वीच्या वेगात तिला ह्यातलं अक्षरही ऐकू आलं नसतं, आणि तरीही तो वेग परत मिळाला असता तर तिने ह्या क्षणी काय केलं असतं, हे तिला सांगता आलं नसतं.

किनारा दिसायला लागला. विजेत्यांचा मंडप, त्यावरचे झेंडे. ध्वनिक्षेपकावर नावं पुकारून झाली असावीत, कारण लोक पांगत होते. कुणीतरी दोरी गुंडाळत होतं. मेथर सर तेवढे गुडघाभर पाण्यात उभे होते.

पायाला वाळू लागली तशी दुर्वा थांबली. पाणी छातीपर्यंत होतं. तिने चष्मा वर केला आणि होडीच्या कडेला हात टेकला.

“बाबा, त्या दिवशी काय झाला होता? जाताना काय म्हणाली ती?”

नारायण तारींनी वल्हं मांडीवर आडवं घेतलं. “मी तेव्हाच सगळ्यांका सांगितलंय. कोणी मानल्यान नाय.” ते पाण्याकडे बघत होते. “आवस भाकरी भाजत होती. मंजू दारातून धावत सुटली. म्हणाली, ‘दादा, माझी भाकरी झाकून ठेव. आत्ता येतंय.’”

“आणि?”

“आणि मी झाकून ठेवलंय.”

किनाऱ्याजवळून मेथर सर हाताने बोलावत होते. दुर्वाने त्यांना हात केला, पण ती बाहेर निघाली नाही. एक दीर्घ श्वास घेऊन ती पाठीवर उलटी झाली आणि कान पाण्यात बुडेपर्यंत तिने अंग सैल सोडलं. आत, अगदी खोल, तिचं हृदय एका चालीने वाजत होतं. ती ते ऐकत राहिली.